नव्वद मिनिटांचा सामना, बारमाही कट्टा

१ जून २०१८ रोजी अंधेरीच्या वीरा देसाई रस्त्यावरील शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात, म्हणजे आजच्या ‘मुंबई फुटबॉल अरिना’त, भारताने चायनीज तैपेईचा ५-० असा फडशा पाडला. सुनील छेत्रीने तीन गोल केले. देशाच्या संघाचा हा दणदणीत विजय पाहायला मैदानात प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीची एक चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर पोहोचली. हात जोडून त्याने केलेल्या विनंतीचा आशय असा होता, की आमच्यावर टीका करा, हवं तर शिव्याही घाला, पण त्या मैदानात येऊन घाला. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना हा छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. पाऊस कोसळत होता, खेळपट्टीवर पाणी साचलं होतं आणि तिकीटखिडकीवर एकही तिकीट शिल्लक नव्हतं. भारत ३-० असा जिंकला.

ही हकीकत बहुतेक वेळा छेत्रीच्या लोकप्रियतेची म्हणून सांगितली जाते. फुटबॉलच्या समर्थकांचा विचार करू लागलं, की मात्र वेगळाच प्रश्न पुढे येतो. अवघ्या तीन दिवसांत हे हजारो लोक आले कुठून? एका चित्रफितीने कुणी फुटबॉलवेडा होत नाही. ही माणसं बोरिवलीच्या सोसायट्यांत, मुलुंडच्या कट्ट्यांवर, घाटकोपरच्या फलाटांवर, अंधेरीच्या चहाच्या टपऱ्यांवर आधीपासूनच होती आणि फुटबॉलबद्दल अखंड बोलत होती. त्या दिवशी त्यांच्या गप्पांनी फक्त जागा बदलली.

या गप्पांकडे आपण सहसा लक्ष देत नाही. सामना, खेळाडू, डावपेच यांवर लिहिलं जातं. समर्थकांचं बोलणं मात्र ‘टाइमपास’ म्हणून सोडून दिलं जातं. वास्तविक हे बोलणं थोडं बारकाईने ऐकलं, तर त्याचे तीन पदर दिसतात. पहिला माहितीच्या तुकड्यांचा: कोण, कधी, कुणाविरुद्ध, कितव्या मिनिटाला. दुसरा थट्टेचा. आणि तिसरा, सर्वांत लांबणारा, रोजच्या जगण्याबद्दलच्या मतांचा: लोकल, भाडं, साहेब, लग्न, खड्डे. हे तीन पदर एकत्र का येतात आणि मुंबईच्या उपनगरांतच ते इतके घट्ट का विणले जातात, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

जन्माने मिळालेला संघ, निवडलेला संघ

महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड म्हटलं, की पहिलं नाव कोल्हापूरचं. तिथे संघ तालमींचे आणि पेठांचे असतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावं शाहू स्टेडियमवर ऐकू येतात, तशीच ती गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतही ऐकू येतात. कोल्हापुरातल्या मुलाला ‘तू कुणाचा?’ असं विचारलं, तर तो घराचा पत्ता सांगितल्यासारखा संघ सांगतो. संघ त्याला वारशाने मिळालेला असतो.

कोलकात्यातही तीच तऱ्हा. ईस्ट बंगाल हा पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांचा, मोहन बागान पश्चिम बंगालातल्या जुन्या रहिवाशांचा, अशी ढोबळ वाटणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा, मोहन बागान जिंकला की कोळंबी, असा विजयाचा स्वयंपाकही ठरलेला. सामन्याच्या निकालावर मासळीबाजारातला भाव हलतो, असं तिथले लोक हसत हसत सांगतात. तिथे फुटबॉल आणि रोजचं जगणं यांच्यात भिंतच नाही.

मुंबईची गोष्ट निराळी आहे. या शहरात फुटबॉल जुना आहे. रोव्हर्स चषक ही स्पर्धा इथे १८९१ साली सुरू झाली. प्रारंभीची वर्षं ती गोऱ्या पलटणींची मक्तेदारी होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा ती जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. पुढे हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० पासून सलग पाच वेळा ती जिंकली. पण हे सारं घडत होतं दक्षिण मुंबईत, कूपरेजच्या मैदानावर. शहरातले नामांकित संघ होते कंपन्यांचे: टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र. कंपनीच्या संघाला कर्मचारी असतात, प्रेक्षकही असतात, पण गल्ली नसते. कॅल्टेक्ससाठी जीव टाकणारी पेठ कुठून असणार?

तेव्हा अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरं वाढत होती. गिरणगावातून, कोकणातून, गुजरातेतून, केरळातून, देशभरातून माणसं येऊन नव्या इमारतींत राहू लागली. शेजार नवा, शाळा नवी, ओळखी नव्या. इथल्या मुलाला फुटबॉल भेटला तो टीव्हीवर. आधी दूरदर्शनवर १९८६ चा विश्वचषक आणि मॅराडोना. मग नव्वदच्या दशकात केबल आली आणि इंग्लंडमधली साखळी स्पर्धा दर आठवड्याला घरात येऊ लागली. मग कुणी बेकहॅममुळे मँचेस्टर युनायटेडचा झाला, कुणी आँरीमुळे आर्सेनलचा, कुणी थोरला भाऊ युनायटेडचा म्हणून मुद्दाम लिव्हरपूलचा.

म्हणजे उपनगरातल्या समर्थकाला संघ मिळाला नाही, त्याने तो निवडला. आणि निवडलेल्या गोष्टीची एक पंचाईत असते: ती सिद्ध करावी लागते. खंडोबा तालमीच्या पोराला कुणी ‘तू खरंच खंडोबाचा का?’ असं विचारत नाही. पण मँचेस्टरला कधी पाऊल न ठेवलेला मुलुंडचा मुलगा छातीवर त्या संघाचा बिल्ला मिरवतो, तेव्हा शेजारचा हमखास विचारतो, ‘बरं, १९९९ च्या अंतिम सामन्यात दुसरा गोल कुणी केला?’ (सोल्शियरने, भरपाईच्या वेळेत.) माहितीच्या तुकड्यांचं महत्त्व इथून सुरू होतं.

माहितीचे तुकडे: ओळखपत्र आणि बखर

असा प्रश्न म्हणजे दारावर विचारलेला परवलीचा शब्द असतो. उत्तर आलं की माणूस आत. म्हणून कट्ट्यावरच्या माहितीला उपयोगाच्या तराजूत तोलून चालत नाही. २००३-०४ च्या हंगामात आर्सेनल ३८ सामने अपराजित राहिला, त्यांतले २६ जिंकले आणि १२ बरोबरीत सुटले, हे माहीत असल्याने कुणाचा पगार वाढत नाही. पण ते पाठ असणारा माणूस कट्ट्यावर आपला ठरतो.

पारख करण्यापलीकडेही या तुकड्यांचं एक मोठं काम आहे. मुंबईत फुटबॉलचं मोठं संग्रहालय नाही, जुन्या संघांच्या कहाण्या फारशा ग्रथित झालेल्या नाहीत. त्यामुळे शहराची फुटबॉल-स्मृती लोकांच्या तोंडी राहते. कट्टा हीच बखर. वानगीदाखल तिच्यातली काही पानं पाहू.

वांद्र्याला रेक्लमेशनजवळ नेव्हिल डिसूझा मैदान आहे. तिथे जिल्हा संघटनेच्या साखळीचे सामने होतात. उपनगरांतली शेकडो मुलं तिथे खेळून गेली. हा नेव्हिल डिसूझा कोण? १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं, त्या सामन्यात तीन गोल करणारा मुंबईचा आघाडीवीर. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाला ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात भेटत नाही. ती सांगतो बाकावर बसलेला कुणी काका.

दुसरा प्रश्न: मुंबईत भारतीय संघाचा आंतरराष्ट्रीय सामना किती वर्षांनी झाला? ३ सप्टेंबर २०१६ रोजी अंधेरीत भारताने पोर्तो रिकोला ४-१ असं हरवलं. त्याआधीचा सामना १९५५ चा, सोव्हिएत संघाविरुद्ध, कूपरेजवर. मध्ये ६१ वर्षं गेली. आजोबांनी पाहिलेल्या सामन्यानंतरचा सामना थेट नातवाने पाहिला.

तिसरा प्रश्न जरा खोडसाळ: अंधेरीच्या मैदानावर आयएसएलचा अंतिम सामना मुंबईकराने जिंकून दिला, तरी मुंबईला चषक का मिळाला नाही? कारण १७ मार्च २०१९ च्या त्या सामन्यात राहुल भेके बंगळुरूकडून खेळत होता. जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला, डोक्याने गोल करून त्याने गोव्याला हरवलं. तोच भेके पुढे मुंबई सिटीत आला आणि एप्रिल २०२२ मध्ये रियाध इथे इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याने विजयी गोल केला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब ठरला.

कट्ट्यावरची बखर नेहमीच खरी असते असं नाही. ‘१९५० च्या विश्वचषकात भारताला अनवाणी खेळायचं होतं, म्हणून फिफाने खेळू दिलं नाही’ ही कथा प्रत्येक कट्ट्यावर एकदा तरी निघते. खरी गोष्ट इतकी सुटसुटीत नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे अनेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे हरले, हे खरं. दोन वर्षांनी इतर संघांनी माघार घेतल्यामुळे ब्राझीलमधल्या विश्वचषकात भारताला आपसूक जागा मिळाली. यजमानांनी प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायची तयारीही दाखवली होती. पण आपल्या महासंघाने सरावाला वेळ नाही, निवडीचे प्रश्न आहेत अशी कारणं देत संघ पाठवला नाही. त्या काळी महासंघाच्या लेखी ऑलिंपिक हीच खरी स्पर्धा होती. ज्यांच्याकडे त्या संघाचं नेतृत्व असतं, त्या शैलेन मन्नांनीही पुढे सांगितलं, की बुटांची गोष्ट ही मूळ निर्णयावर घातलेलं पांघरूण होती.

अशा दंतकथेचं काय होतं, ते पाहण्यासारखं असतं. कट्ट्यावर एक जण ती सांगतो, दुसरा खोडतो, तिसरा मोबाइल काढतो, चौथा म्हणतो, ‘ते काही असो, गोष्ट झकास आहे.’ दंतकथा मरत नाही, पण दर वेळी थोडी दुरुस्त होऊन पुढे जाते. जिथे लिखित इतिहास तोकडा आहे, तिथे दुरुस्तीचं हे काम कट्टाच करतो.

थट्टेचं नातं

ओळख पटली, की थट्टा सुरू होते. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्ये ‘थट्टेच्या नात्यां’वर एक लेख लिहिला होता. काही समाजांत विशिष्ट नात्यांमध्ये एकमेकांची टर उडवण्याची मुभा असते, किंबहुना ती उडवणं अपेक्षितच असतं आणि समोरच्याने रागवायचं नसतं, असं त्यांनी दाखवून दिलं. मराठी माणसाला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, नवरदेवाचे बूट पळवणाऱ्या करवल्या: जिथे जवळीकही आहे आणि अंतरही, तिथे थट्टा दोन्ही सांभाळते. दोन संघांच्या समर्थकांचं नातं नेमकं असंच असतं. शनिवारी रात्री ते वैरी असतात. सोमवारी सकाळी आठ-बाराच्या लोकलमध्ये एकमेकांची बॅग धरतात.

या थट्टेचा कच्चा माल शहरातूनच येतो. लिव्हरपूलने इंग्लंडची साखळी स्पर्धा १९९० नंतर थेट २०२० मध्ये जिंकली. मधली तीस वर्षं त्यांच्या समर्थकांना ‘पुढच्या वर्षी नक्की’ हे वाक्य ऐकवलं जात होतं. आर्सेनलला २००४ नंतर २०२५ पर्यंत ते विजेतेपद मिळालं नाही, आणि २०२३, २०२४, २०२५ या तिन्ही वर्षी संघ दुसरा आला. अशा वेळी रखडलेल्या मेट्रोची, पुनर्विकासात अडकलेल्या इमारतीची उपमा आपोआप जिभेवर येते. २०२४ च्या फेब्रुवारीत अंधेरीचा नवा गोखले पूल अर्धा खुला झाला आणि शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची पातळीच जुळत नाही, हे जगाने पाहिलं. त्यानंतर ज्या संघाच्या मधल्या फळीचा पास पुढच्या फळीपर्यंत पोहोचत नाही, त्याला काय म्हणायचं, हे अंधेरीकराला सांगावं लागत नाही. हा विनोद लंडनच्या समर्थकाला कळणार नाही. संघ परका असला, तरी विनोद इथलाच असतो. निवडलेला संघ अशा विनोदांतून हळूहळू स्थानिक होत जातो.

भारतीय फुटबॉलमधला एक जुना विनोद याच जातीचा आहे. १९४८ च्या ऑलिंपिक संघाचे कर्णधार तालिमेरेन आओ यांना अनवाणी खेळण्याबद्दल विचारलं, तेव्हा ‘आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही बूटबॉल खेळता’ अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिल्याचं सांगितलं जातं. पायांत बूट नसल्याची कमतरता त्यांनी एका शब्दात समोरच्यावर उलटवली. हरणाऱ्या बाजूला उभं राहण्याचं बळ विनोदातून येतं, याचं याहून छोटं उदाहरण मिळणं कठीण.

थट्टेला वेसही असते. १९५८ च्या फेब्रुवारीत म्युनिकला झालेल्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू धरून २३ जण गेले. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या ९७ समर्थकांचा बळी गेला. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात १६ प्रेक्षक मेले. यांवर विनोद करणारा माणूस चांगल्या कट्ट्यावरून उठवला जातो. रंग, जात, धर्म, बाईपण यांवरच्या शेऱ्यांना मात्र सगळीकडे अशी वेस घातली जात नाही, हेही मान्य करायला हवं. मैदानात मुलींची संख्या वाढलेली दिसते. पण त्यांना अजूनही पुरुषांपेक्षा जास्त प्रश्नांची उत्तरं देऊन आपली निष्ठा सिद्ध करावी लागते. ‘ऑफसाइड म्हणजे काय, सांग बघू’ हा प्रश्न पोराला कुणी विचारत नाही. परवलीचा शब्द एकासाठी दार उघडतो आणि दुसऱ्यासाठी तोच अडसर होतो. कट्टा किती निरोगी आहे, हे यावरून ओळखावं.

शेवटची लोकल आणि पहिली लोकल

आता तिसरा पदर. फुटबॉलच्या समर्थकांचं बोलणं भाड्यावर, नोकरीवर, खड्ड्यांवर का घसरतं? पहिलं कारण वेळापत्रकात आहे. युरोपातले मोठे सामने तिथे रात्री नऊला सुरू होतात. त्या वेळी आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. चर्चगेटहून बोरिवलीकडची शेवटची लोकल एकच्या सुमारास सुटते. पहिली पहाटे चारच्या आसपास. सामना संपतो अडीचला नाहीतर साडेतीनला. त्यामुळे जो मित्राकडे सामना पाहायला आला, तो पहाटेपर्यंत अडकला. ज्याच्या घरी मोठा टीव्ही आणि समजूतदार आईवडील, तो त्या कंपूचा यजमान. सामना संपल्यावर पहिल्या लोकलपर्यंतचा जो वेळ उरतो, त्यात माणसं फुटबॉलवर किती बोलणार? वीस मिनिटांत तो विषय संपतो. मग ज्याची नोकरी गेली आहे, तो ती गेल्याचं सांगतो. ज्याच्या घरी लग्नाचा तगादा आहे, तो तो सांगतो.

दुसरं कारण प्रवासात आहे. मुंबई सिटीचे पहिले दोन हंगाम, २०१४ आणि २०१५, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. बोरिवलीहून तिथे जायचं म्हणजे दोन गाड्या बदलून अर्धा दिवस घालवायचा. २०१६ पासून संघ अंधेरीत आला आणि उपनगरांना प्रथमच हाकेच्या अंतरावर घरचं मैदान मिळालं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोने मध्य आणि पश्चिम रेल्वे जोडल्या होत्याच; मुलुंडचा समर्थक घाटकोपरला उतरून मेट्रोने आझादनगरला येतो, तिथून मैदान चालत. २०२३ पासून दहिसर-डी. एन. नगर मेट्रो पूर्ण धावू लागली आणि बोरिवलीकरांनाही दुसरी वाट मिळाली. सामना नव्वद मिनिटांचा, येणं-जाणं त्याहून मोठं. प्रवासातल्या गप्पा प्रवासासारख्याच असतात. स्टेशन आलं की विषय बदलतो.

तिसरं कारण अधिक खोलवरचं आहे. मालिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये मांडलं, की माणसं पुष्कळदा माहिती देण्यासाठी बोलत नाहीत, सोबत असल्याची खूण म्हणून बोलतात. ‘काय म्हणतोस?’, ‘जेवलास का?’ हे प्रश्न त्याच जातीचे. मुंबईतल्या पुरुषांना तर ‘मला एकटं वाटतंय’ हे वाक्य उच्चारायची सवयच नाही. ‘काल मॅच बघितलीस का?’ हे वाक्य त्याच्या जागी येतं. फुटबॉल हे बोलण्याचं निमित्त असतं, आणि निमित्ताशिवाय बोलणं अनेकांना जमत नाही.

समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘तिसऱ्या जागे’ची कल्पना मांडली: घर पहिली, कामाची जागा दुसरी, आणि जिथे कुणी कुणाचा साहेब नसतो, अशी गप्पांची तिसरी. उपनगरांत या तिसऱ्या जागा झपाट्याने कमी झाल्या. इमारतीचा पुनर्विकास झाला की कठडा जातो, त्या जागी पार्किंग येतं. मोकळ्या मैदानाऐवजी ताशी भाड्याचं हिरव्या गालिच्याचं टर्फ येतं. तिथे वेळ संपली की पुढचा गट दारात उभा असतो, खेळून झाल्यावर रेंगाळायची सोय नाही. अशा वेळी मैदानातला पूर्वेचा किंवा पश्चिमेचा कोपरा ही तिसरी जागा होते. मुंबई सिटीच्या ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ या समर्थक गटाकडे नुसतं घोषणा देणारी टोळी म्हणून पाहिलं, तर हे निसटतं. त्या बाकांवर बँकेतला कारकून, रिक्षावाल्याचा मुलगा, संगणक अभियंता आणि अकरावीतली मुलगी तीन तास शेजारी बसतात. शहरात इतरत्र ही चौघं एकमेकांशी बोलण्याचा योग कुठे येतो?

समोरच्या बाजूचंही तेच. केरळ ब्लास्टर्स अंधेरीत खेळायला आला, की पिवळ्या कपड्यांतल्या समर्थकांनी बाजू भरते. त्यांना आपण पाहुण्या संघाचे समर्थक म्हणतो, पण त्यांतले पुष्कळ जण पाहुणे नसतातच; ते मालाड-मुलुंडचेच रहिवासी असतात. गोव्याचं, बंगालचंही तसंच. वर्षभर मुंबईकर असलेला माणूस त्या संध्याकाळी आजोळचा होतो आणि परतीच्या मेट्रोत पुन्हा मुंबईकर. दोन निष्ठा एका अंगात नांदू शकतात, हे उपनगर असं सहज शिकवतं.

आणि कधी कधी रोजच्या जगण्याबद्दलची ही मतं खेळाहून मोठी होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. १८ ऑगस्टचा मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना सुरक्षेचं कारण देऊन रद्द केला गेला. तेव्हा दोन्ही संघांचे समर्थक, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, सॉल्ट लेक मैदानाबाहेर एकत्र येऊन न्याय मागत उभे राहिले. पोलिसांच्या लाठ्याही त्यांनी एकत्र खाल्ल्या. वर्षानुवर्षांच्या थट्टेने त्यांना एकमेकांची भाषा शिकवून ठेवली होती. ती त्या दिवशी उपयोगी पडली.

संघ जातात, कट्टा उरतो

मुंबईच्या समर्थकाच्या नशिबी आणखी एक गोष्ट आहे: इथे संघ टिकत नाहीत. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय साखळी जिंकली. २०१० मध्ये संघ बंद झाला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसीला पिवळा रंग होता, ‘यलो ब्रिगेड’ नावाचे निष्ठावंत समर्थक होते. २०१७ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि मग संपलाच. त्यातली चटका लावणारी गोष्ट अशी, की हा संघ वर्षानुवर्षं सांभाळणारे प्रशिक्षक खालिद जमील त्याच हंगामात मिझोरमच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचं विजेतेपद मिळवून देत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये तेच खालिद भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांचा मुंबई एफसी मात्र आज कुठेच नाही, फक्त गप्पांत आहे.

मुंबई सिटीने यश भरपूर दिलं, पण तेही दूरवर. २०२१ मध्ये बिपिन सिंगच्या अखेरच्या क्षणीच्या गोलने आयएसएलचा चषक आला, तेव्हा करोनामुळे सारे सामने गोव्यात, रिकाम्या बाकांपुढे होत होते. ४ मे २०२४ रोजी दुसऱ्यांदा चषक मिळाला तो कोलकात्यात, मोहन बागानच्या साठ हजारांहून अधिक समर्थकांसमोर. दोन्ही वेळा अंधेरीकराने आपला संघ जिंकताना पाहिला तो टीव्हीवरच. हा आनंद वाटून घ्यायलाही कट्टाच लागला.

आणि २०२५ मध्ये तर सामनेच थांबले. महासंघ आणि स्पर्धेची व्यावसायिक भागीदार कंपनी यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. त्याच्या नूतनीकरणाचा घोळ न सुटल्याने जुलैमध्ये आयएसएलचा नवा हंगाम स्थगित झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, खेळाडूंच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. सप्टेंबर म्हणजे एरवी समर्थकांनी ढोल काढून त्यांची कातडी ताणण्याचे दिवस. त्या वर्षी ते दिवस निविदा, घटना आणि कलमं यांवरच्या चर्चेत गेले. ऑफसाइडवर भांडणारी मुलं करारातल्या अटींवर भांडू लागली.

यात समर्थकाचं काय जातं, याचा हिशेब करारात कुठे नसतो. प्रक्षेपणाचे हक्क, जाहिराती, खेळाडूंची मानधनं यांना किंमत असते. घाटकोपर आणि बोरिवलीची दोन माणसं दर पंधरवड्याला एका बाकावर बसून आपापल्या घरचं बोलतात, याला कुठल्याही ताळेबंदात रकाना नाही. सामना गेला की निमित्त जातं. निमित्त गेलं की आधी माहितीचे तुकडे गंजतात, मग थट्टा आटते, आणि शेवटी ‘बरेच दिवसांत भेट नाही’ एवढंच उरतं. मुंबई एफसी संपल्यावर तिचे समर्थक एकमेकांना सोडून गेले नाहीत, ते केवळ सवयीच्या बळावर. दर वेळी ती सवय तगेलच असं नाही.

यावर समर्थकांच्या हाती दोन गोष्टी आहेत. पहिली सोपी: वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर किंवा कूपरेजवर स्थानिक साखळीचे सामने होत राहतात. मोठा संघ नसेल, तेव्हा तिथे जाऊन बसावं. खेळाचा दर्जा वेगळा असेल. शेजारी बसून बोलायची सोय तीच असते. दुसरी गोष्ट जरा कष्टाची: कट्ट्यावरची बखर कागदावर उतरवावी. रोव्हर्स चषक पाहिलेली, कंपन्यांच्या संघांतून खेळलेली माणसं अजून उपनगरांतल्या घरांत आहेत. त्यांच्याकडे कात्रणं आहेत, फोटो आहेत, कुणाच्या बुटाचा खिळा कुणाला कसा लागला, याच्या आठवणी आहेत. पुढच्या वेळी कुणी ‘नेव्हिल डिसूझा कोण?’ असं विचारलं, तर उत्तर देणारा काका बाकावर असेलच, याची खात्री नाही. तो आहे तोवर त्याच्या शेजारी वही घेऊन बसायला हवं.